पुंजक्यातले विष

सलाईन लावून अर्धा-पाऊण तास होतो आणि रुग्ण कुडकुडायला लागतो. दात वाजतात, पांघरुणावर पांघरूण घातले तरी थंडी हटत नाही, आणि मग ताप चढतो. नर्स आधी सलाईन बंद करते, मग डॉक्टरांना बोलावते. ‘सलाईनची रिॲक्शन आली’ हे वाक्य आपल्याकडे घराघरांत कुणी ना कुणी ऐकलेले आहे. आज अशी वेळ क्वचित येते. शंभर वर्षांपूर्वी मात्र शिरेतून काही दिले की ताप यायचाच, असे धरून डॉक्टर चालत. पाणी उकळलेले, ऊर्ध्वपातित, त्यात एकही जिवंत जीवाणू नाही, तरीही ताप.

या तापाचे मूळ अमेरिकेत फ्लॉरेन्स सायबर्ट यांनी १९२३ च्या सुमारास शोधून काढले. पाणी उकळताना त्याचे बारीक तुषार वाफेबरोबर उडतात आणि थंड होऊन साठणाऱ्या स्वच्छ पाण्यात जाऊन पडतात. त्या तुषारांबरोबर पाण्यात वाढलेल्या जीवाणूंचे अवशेष जातात. जीवाणू मेलेले, पण त्यांच्या अंगावरचा एक पदार्थ उकळूनही शाबूत. सायबर्ट यांनी तुषार वाटेतच अडतील असा सापळा ऊर्ध्वपातनाच्या भांड्याला बसवला, आणि त्या पाण्याने सशांना ताप येईनासा झाला.

तो पदार्थ म्हणजे एंडोटॉक्सिन. शिरेतून द्यायच्या औषधांसाठी त्याची जी मर्यादा आज जगभर पाळली जाते ती माणसाच्या दर किलो वजनामागे ताशी ५ एंडोटॉक्सिन युनिट. प्रमाण म्हणून ठेवलेल्या ई. कोलायच्या एंडोटॉक्सिनचे एक युनिट साधारण ०.१ नॅनोग्रॅम भरते. म्हणजे साठ किलोच्या माणसाला तासाभरात ३०० युनिट, वजनात ३० नॅनोग्रॅम. अर्ध्या लिटरच्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. हे ३० नॅनोग्रॅम त्या मिठाच्या पंधरा कोटीव्या हिश्शाएवढे. पाठीच्या कण्यातून द्यायच्या इंजेक्शनाला तर याच्याही पंचविसाव्या हिश्शाची मर्यादा आहे.

इतक्या थोड्या मात्रेशी गाठ पडली की सगळे लक्ष ‘किती?’ या प्रश्नाकडे जाते. माझे म्हणणे असे, आणि पुढची सगळी प्रकरणे त्याच आधारावर उभी आहेत, की एंडोटॉक्सिन ‘कोणत्या अवस्थेत?’ हे विचारल्याखेरीज ‘किती?’ला उत्तरच नाही. पाण्यात हे रेणू सुटे राहत नाहीत, पुंजके करतात. पुंजका मोठा की लहान, घट्ट की सैल, त्याची आतली रचना कशी, यावर ताप येणार की नाही, चाचणीत तो दिसणार की नाही, गाळणीत अडकणार की निसटणार, हे सारे ठरते. वजन तेच, रेणू तेच आणि परिणाम मात्र निराळा, असे या पदार्थाबाबत पुन्हा पुन्हा घडते.

आधी या विषाच्या शोधाची हकिकत. रिचर्ड फायफर बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या हाताखाली पटकीवर काम करत होते. १८९२ मध्ये त्यांनी दाखवून दिले की उष्णतेने मारलेले पटकीचे जीवाणूही गिनीपिगचा जीव घेतात. तोवर माहीत असलेली घटसर्पाची आणि धनुर्वाताची विषे जिवंत जीवाणू बाहेर सोडतात आणि ती तापवली की निकामी होतात. हे विष जीवाणूच्या अंगाचाच भाग होते आणि आचेला दाद देत नव्हते. पटकीचे कोडे त्यातून सुटले नाही. पाण्यासारखे जुलाब लावणारे पटकीचे खरे विष वेगळेच, जीवाणूने बाहेर टाकलेले. ते सिद्ध केले कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी, १९५९ मध्ये. फायफर यांच्या हाती लागले ते पटकीपुरते नव्हतेच. टायफॉइड, प्लेग, मूत्रमार्गाचा संसर्ग करणारे जीवाणू, आपल्या आतड्यात बिनबोभाट राहणारे ई. कोलाय, पाण्याच्या टाकीत वाढणारे स्यूडोमोनास, अशा बहुतेक सगळ्या ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंच्या अंगावर त्याचे आवरण असते.

मुंबईला त्याचा अनुभव फार लवकर आला. १८९६ च्या प्लेगात वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगचे जीवाणू वाढवले, ते तापवून मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस स्वतःला टोचून घेतली, तीही नंतर लोकांना दिली त्याच्या कितीतरी मोठ्या मात्रेत, १० घन सेंटिमीटर. त्यांना ताप आला, टोचलेली जागा दुखू लागली. मेलेला प्लेगचा जीवाणू म्हणजे एंडोटॉक्सिनने मढलेला जीवाणू, त्यामुळे त्या तापात मोठा वाटा त्याचाच असणार असे मी मानतो. पुढे ज्या असंख्य लोकांनी ही लस घेतली त्यांनी हा ताप सोसला, आणि लसीला विरोध होण्यामागे त्या तापाची भीतीही होती. आपल्या वैद्यकीय इतिहासात प्लेगच्या त्या वर्षांवर पुष्कळ लिहिले गेले. लसीच्या तापामागच्या रसायनावर मात्र मराठीत फारसे कुणी लिहिलेले नाही, याची मला खंत वाटत आली आहे.

आता रेणूकडे. रसायनशास्त्रात त्याचे नाव लिपोपॉलिसॅकराइड, प्रयोगशाळेच्या बोलीत एलपीएस. तो गरम फिनॉल आणि पाणी वापरून शुद्ध काढायची रीत ओटो वेस्टफाल आणि ओटो ल्यूडरिट्झ यांनी जर्मनीत १९५२ मध्ये बसवली. ती आजही वापरात आहे. रेणूच्या एका टोकाला साखरांची लांब साखळी असते, ठरावीक साखरांचा तोच गट पुन्हा पुन्हा जोडून झालेली. ती पाण्यात ऐसपैस पसरते. मध्ये साखरेचाच गाभा. दुसऱ्या टोकाला लिपिड ए: दोन ग्लुकोसामीन, त्यांना जोडलेले दोन फॉस्फेट आणि, ई. कोलायमध्ये, मेदाम्लांच्या सहा शेपट्या, १२ किंवा १४ कार्बनच्या. विष म्हणतात ते या टोकाला. १९८५ मध्ये जपानमधल्या ओसाकाच्या शिबा आणि कुसुमोतो यांच्या गटाने लिपिड ए जीवाणूच्या मदतीशिवाय घडवला, आणि त्या कृत्रिम रेणूनेही एंडोटॉक्सिनचे परिणाम दाखवले. त्यानंतर या बाबतीत शंका घेण्याचे कारण उरले नाही.

ई. कोलायच्या एका पेशीवर असे दहा लाखांच्या घरात रेणू असतात, शेपट्या आत आणि साखळ्या बाहेर. फॉस्फेटांमुळे प्रत्येक रेणूवर ऋण प्रभार, त्यामुळे शेजाऱ्यांनी एकमेकांना दूर ढकलायला हवे. तसे होत नाही, कारण मध्ये कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअमचे आयन बसलेले असतात. या आयनांवर दोन धन प्रभार असतात, त्यामुळे एकच आयन दोन रेणूंच्या फॉस्फेटांना धरून ठेवतो. पुंजक्यांच्या साऱ्या हकिकतीत या दोन धातूंइतके महत्त्व दुसऱ्या कशालाही नाही.

जीवाणू मेला, फुटला की आवरणाचे तुकडे पाण्यात विखुरतात. शेपट्या तेलासारख्या, त्यांच्याभोवती पाण्याच्या रेणूंना जखडून राहावे लागते, आणि शेपट्या एकमेकींत दडल्या की ते पाणी मोकळे होते. पुंजका बांधला जातो तो मुख्यतः या पाण्याच्या सुटकेमुळे, आणि धातूंचे आयन त्याला घट्ट करतात. सुटा रेणू साधारण १० ते २० हजार डाल्टनचा. पुंजका सहज दहा लाख डाल्टनपर्यंत जातो आणि त्याच्याही पुढे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या लांब फिती दिसतात, कुठे चकत्या, कुठे पोकळ गोळे.

किती तीव्रतेला हे पुंजके बनू लागतात, यावर छापून आलेले आकडे एकमेकांपासून शंभर-शंभर पट दूर आहेत. नवख्या वाचकाचा यामुळे गोंधळ उडतो, उडायला नको. एक संशोधक लांब साखळीचा एलपीएस घेतो, दुसरा साखळी नसलेला. एक साध्या पाण्यात मोजतो, दुसरा मीठ आणि मॅग्नेशिअम असलेल्या द्रावणात. कुणी रंगद्रव्याची चमक पाहतो, कुणी प्रकाशाचे विखुरणे. शिवाय साबणाला जशी एक ठरावीक रेषा असते, तिच्याखाली सुटे रेणू आणि वर पुंजके, तशी स्वच्छ रेषा इथे मिळत नाही. एकदा बांधलेला पुंजका नुसते पाणी वाढवल्याने लवकर सुटत नाही, कारण एक रेणू बाहेर पडायचा तर त्याच्या सहाही शेपट्या एकदम सुटाव्या लागतात.

मोंटानातल्या रॉकी माउंटन प्रयोगशाळेत एडगर रिबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. या क्षेत्रात त्याच्याइतका देखणा प्रयोग मला दुसरा दिसत नाही. त्यांनी एंडोटॉक्सिनमध्ये सोडिअम डिऑक्सिकोलेट, म्हणजे पित्तातला एक क्षार, मिसळला. पुंजके फुटले, सुमारे २० हजार डाल्टनचे लहान घटक उरले आणि सशांना ताप आणण्याची ताकद गेली. मग डायलिसिसने तो पित्तक्षार काढून टाकला. घटक पुन्हा एकत्र आले, पुंजके झाले आणि ताप परतला. रेणूंचा एकही बंध तोडला नव्हता, की नवा जोडला नव्हता. १९७५ मध्ये गॅलानोस आणि ल्यूडरिट्झ यांनी याला दुसऱ्या बाजूने पुष्टी दिली. विजेच्या साहाय्याने त्यांनी एलपीएसमधले सगळे धातू उपसून काढले आणि हवे ते क्षार करून घेतले. ट्रायइथिलअमीनचा क्षार पाण्यात सहज विरघळला, त्याचे पुंजके लहान. कॅल्शिअमचा क्षार जड, गढूळ, मोठ्या पुंजक्यांचा. एकाच नमुन्यातून निघालेल्या या क्षारांचे जैविक परिणामही सारखे नव्हते.

पुंजक्याच्या आत रेणू कसे रचले जातात हे हॅम्बुर्गजवळच्या बोर्स्टेल संशोधन केंद्रात सायडेल आणि ब्रांडेनबुर्ग यांनी वर्षानुवर्षे क्ष-किरणांनी तपासले. कमानीतले दगड पाचरीच्या आकाराचे असतात म्हणून कमान वळते. चौकोनी दगडांची भिंत सरळच जाते. सहा शेपट्यांचा लिपिड ए असाच पाचरीसारखा, शेपट्यांकडे रुंद आणि डोक्याकडे अरुंद, म्हणून त्याचे थर वळतात आणि गुंतागुंतीच्या घनाकृती रचना होतात. काही जीवाणूंच्या लिपिड एला चार-पाचच शेपट्या असतात; ते रेणू सरळसोट, त्यांचे थर सपाट. बोर्स्टेलच्या गटाला दिसले ते असे की वळणारे रेणू ताप आणतात आणि सपाट थरांचे रेणू शांत असतात. काही तर इतरांच्या परिणामालाही आडवे येतात. प्लेगचा जीवाणू याचाच फायदा घेतो. पिसवेच्या थंड अंगात, २१ ते २७ अंशांना, तो सहा शेपट्यांचा लिपिड ए बनवतो. माणसाच्या ३७ अंशांच्या शरीरात आला की मुख्यतः चार शेपट्यांचा, आणि आपल्या पहारेकऱ्यांना चाहूल लागू न देता वाढतो. उष्णतेचा आणखी एक संबंध आहे. शेपट्या गोठलेल्या अवस्थेतून सैल अवस्थेत जातात ते तापमान लांब साखळीच्या एलपीएसमध्ये ३७ अंशांच्या आसपास येते, म्हणजे नेमके आपल्या शरीराचे. यामागे उत्क्रांतीचा हात असावा, असे मला वाटते.

इथे या विषयातला सर्वांत मोठा वाद येतो. शरीरातली पेशी नेमके कशाला ओळखते, पुंजक्याला की सुट्या रेणूला? २००४ मध्ये बोर्स्टेलच्या गटाने पुंजकाच परिणामकारक असल्याचे लिहिले. त्याच वर्षी अमेरिकेत आयोवाच्या जिओआनिनी आणि वाइस यांनी दाखवले की एमडी-२ या प्रथिनाला चिकटलेला एकच एंडोटॉक्सिन रेणू पेशीला जागे करायला पुरतो. १९९८ मध्ये ब्रूस बॉइटलर यांच्या गटाने एंडोटॉक्सिनचा पेशीवरचा ग्राहक म्हणून टीएलआर-४ ओळखला होता, ज्यासाठी त्यांना २०११ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. २००९ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी त्याचे एमडी-२सह स्फटिकचित्र मिळवले: एमडी-२च्या खळग्यात लिपिड एच्या पाच शेपट्या आत, आणि सहावी बाहेर राहून शेजारच्या दुसऱ्या ग्राहकाला टेकलेली. ते चित्र पाहिल्यावर शेवटचा दाखला सुट्या रेणूच्या बाजूने पडतो हे मान्य करावे लागते. पण तो रेणू तिथवर पोहोचतो कसा? रक्तातले एलबीपी हे प्रथिन पुंजक्याला चिकटते, त्यातून एकेक रेणू सुटा करून सीडी-१४ या दुसऱ्या प्रथिनाकडे देते, ते पुढे एमडी-२कडे. पुंजका नसेल किंवा तो चुकीच्या घडणीचा असेल, तर ही देवघेव नीट सुरू होत नाही. दोन्ही पक्ष माझ्या मते एकाच रस्त्याचे दोन टप्पे सांगतात.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला हा वाद परका वाटायला नको, कारण त्याच्या हातातल्या नळीतही तेच चालते. एंडोटॉक्सिन मोजायला पूर्वी ससा लागे. आज मुख्यतः हॉर्सशू क्रॅबच्या निळ्या रक्तातल्या पेशींचा अर्क लागतो. नावात खेकडा असला तरी हा प्राणी कोळ्यांचा जवळचा आप्त. फ्रेडरिक बँग यांनी १९५६ मध्ये पाहिले की समुद्रातले ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणू टोचले की त्याचे रक्त अंगातच गोठते. पुढे जॅक लेविन यांच्यासोबत त्यांनी त्यातून चाचणी घडवली. भारतात हा प्राणी ओडिशा आणि बंगालच्या किनाऱ्यावर मिळतो, आणि त्याच्यावरचे बरेच काम गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत झाले आहे.

चाचणी दिसायला साधी. बोटाएवढी काचेची नळी, २५० अंशांना भट्टीत भाजून एंडोटॉक्सिनमुक्त केलेली. ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांवर ते जात नाही. त्यात ०.१ मिलिलिटर नमुना आणि तेवढाच अर्क. ३७ अंशांना एक तास, अजिबात धक्का न लावता. मग नळी अलगद उलटी करायची. गोळा नळीच्या तळाशी घट्ट टिकला तर एंडोटॉक्सिन आहे. ओघळला तर ठरलेल्या पातळीखाली. पण या तासाच्या आधी जे होते ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. प्रमाण एंडोटॉक्सिनची कुपी विरघळवली की ती थांबून थांबून अर्धा तास व्हॉर्टेक्सवर घुसळायची, पुढच्या प्रत्येक विरलीकरणालाही घुसळायचे. नव्याने रुजू झालेली मुले-मुली याला कंटाळतात, पाच मिनिटांत आटपतात, आणि मग दोन जणांचे आकडे जुळत नाहीत. पुंजके सारखे फुटलेले नसले, काही काचेला चिकटून बसले, तर त्याच कुपीतून काढलेल्या दोन थेंबांत वेगळे एंडोटॉक्सिन असते. तो अर्धा तास म्हणजेच चाचणी, असे मी म्हणेन.

२०१३ पासून औषध कंपन्यांना एका नव्या अडचणीने घेरले. प्रतिपिंडांची महागडी औषधे सायट्रेट किंवा फॉस्फेट बफरात ठेवतात आणि त्यात पॉलिसॉर्बेट नावाचा साबणवर्गीय पदार्थ घालतात. अशा द्रावणात मुद्दाम एंडोटॉक्सिन मिसळले तर पहिल्या तासाला ते पूर्ण मोजले जाते, काही तासांनी, कधी काही दिवसांनी, निम्म्याहून कमी, पुढे शून्याजवळ. ते नष्ट झालेले नसते. सायट्रेट हळूहळू कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम काढून घेते, पुंजका सैल होतो, मग पॉलिसॉर्बेट आत शिरून एकेक रेणू आपल्या कह्यात घेते. अर्काला ओळखता येईल अशी घडण उरत नाही. रिबी यांनी पित्तक्षाराने मुद्दाम घडवले तेच इथे औषधाच्या कुपीत न मागता घडते. असे झाकलेले एंडोटॉक्सिन माणसाला ताप आणते का, यावर प्रयोगांचे निष्कर्ष एका दिशेने जात नाहीत. म्हणून मी सावधगिरीच्या बाजूने आहे: रक्तात गेल्यावर पॉलिसॉर्बेट विरळ होते आणि कॅल्शिअम तिथे भरपूर असते. त्यावरचे उपायही हेच सांगतात. नमुन्यात मॅग्नेशिअम आणि प्रथिने परत घालून पुंजके पुन्हा बांधले की एंडोटॉक्सिन पुन्हा दिसू लागते.

गाळणीचे गणितही याच हिशोबाने चालते. जीवाणू अडवणाऱ्या ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून पुंजके सहज निसटतात. त्याहून बऱ्याच बारीक गाळणीत ते अडकतात. तिथेच धातूंचे आयन पकडणारे ईडीटीए किंवा डिटर्जंट पडले की फुटून पलीकडे जाऊ शकतात. डायलिसिसच्या रुग्णाला एका वेळी शंभराहून अधिक लिटर पाण्याशी, फक्त एका पातळ पडद्याआडून, संबंध येतो. मोठे पुंजके तो पडदा थोपवतो, बारीक तुकडे पार जाऊ शकतात, म्हणून त्या पाण्याचे निकष इतके कडक आहेत. तालुक्याच्या गावी डायलिसिस केंद्रे उभी राहत असताना ही गोष्ट तिथल्या तंत्रज्ञाला स्वतःच्या भाषेत वाचायला मिळावी, हे पुस्तक लिहिण्यामागचे एक मोठे कारण आहे.

पुढची मांडणी रेणूपासून पुंजक्याकडे, पुंजक्यापासून पेशीकडे आणि तिथून औषधाच्या कुपीकडे जाते. रसायनाची सवय नसलेल्यांनी क्ष-किरणांचे प्रकरण पहिल्या वाचनात सोडले तरी अडणार नाही. गुणवत्ता नियंत्रणात काम करणाऱ्यांनी मात्र बफर आणि धातूंच्या आयनांवरचे प्रकरण आधी वाचावे, आणि आपल्या रोजच्या नमुन्यात सायट्रेट, ईडीटीए, पॉलिसॉर्बेट यांपैकी काय काय आहे त्याची नोंद शेजारी ठेवून वाचावे.